घंटा कोणी वाजवावी? : महाविद्यालयीन परिसराच्या आपत्कालीन सिद्धतेची चिकित्सा (नृसिंहवाडी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या परिसरात सशस्त्र हल्लेखोर शिरला तर काय करावे, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात विचारला, तर तो प्रथमदर्शनी परका वाटेल. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीच्या पंचक्रोशीत आपत्ती म्हणजे पूर, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या पक्के झालेले आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये खासगी बंदुकांवर नियंत्रण असल्यामुळे अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत घडतात तशा घटना आपल्याकडे विरळ आहेत, हेही खरे. तथापि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत रेल्वे स्थानक, रुग्णालय व उपाहारगृह अशा नित्याच्या जागी सामान्य माणसे गोळीबारात सापडली. असा प्रसंग विरळ असला तरी तो अशक्य नाही, आणि त्याची तयारी करताना जे दोष उघडे पडतात ते आग, पूर व चेंगराचेंगरी या नित्याच्या संकटांतही तितकेच घातक ठरतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. प्रस्तुत लेखात या तत्त्वांमागील सुरक्षिततेच्या कल्पनेची चिकित्सा केली आहे. त्यासाठी सशस्त्र हल्ल्यांचा प्रत्यक्ष अनुभव आणि नृसिंहवाडीची पूरपरंपरा अशा दोन कसोट्या योजल्या आहेत.

१. भिंतीची कल्पना आणि तिच्या मर्यादा :

आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत सहज ओलांडता येणार नाही अशी संरक्षक भिंत, तिच्यावर काटेरी तारेचे कुंपण, निवासी इमारतींना तीन किंवा त्याहून कमी प्रवेशद्वारे, तेथे सशस्त्र रक्षक, कॅमेरे, ओळखपत्रांची तपासणी व अभ्यागतांची नोंदवही यांची शिफारस आहे. विद्यार्थ्यांची हजेरी जैवसांख्यिकी पद्धतीने घ्यावी, असेही सुचविलेले आहे. या सर्व उपायांमागे एक गृहीतक आहे. धोका बाहेरून येतो आणि तो फाटकावर अडविता येतो, हे ते गृहीतक होय.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांची हत्या झाली. मृतांमध्ये भारतीय वंशाचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन यांचाही समावेश होता. हल्लेखोर त्याच विद्यापीठाचा, तेथील वसतिगृहात राहणारा विद्यार्थी होता. ओळखपत्र तपासणाऱ्या कोणत्याही रक्षकाने त्याला सन्मानाने आत सोडले असते. ज्या इमारतीत ३० जण मारले गेले, तिच्या मुख्य दारांना त्याने आतून साखळदंड घातले होते. म्हणजे माणसे आत अडकावीत, हाच त्याचा डाव होता. बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्या असणे हे अशा प्रसंगी हल्लेखोराच्याच पथ्यावर पडते.

वाटा अपुऱ्या पडल्या की काय होते, हे महाराष्ट्राने बंदुकीवाचूनही अनुभवले आहे. वाई तालुक्यातील मांढरदेव येथे २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत अरुंद वाटेवर झालेल्या चेंगराचेंगरीत शेकडो भाविक दगावले. म्हणून प्रवेशद्वारे कमी करण्याची शिफारस स्वीकारताना आत येण्याची दारे आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांचा स्वतंत्र विचार होणे अगत्याचे आहे. प्रवेश एका फाटकातून असावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु मागील दाराला कायमचे कुलूप असून त्याची किल्ली कार्यालयातील कपाटात असेल, तर ते दार केवळ नकाशावर उरते.

२. कडी, गज आणि घंटा :

व्हर्जिनिया टेकमध्ये लिव्हियू लिब्रेस्कू या वयोवृद्ध प्राध्यापकांनी वर्गाचे दार स्वतःच्या अंगाने रोखून धरले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खिडक्यांतून उड्या टाकून प्राण वाचविले. प्राध्यापक स्वतः मात्र मारले गेले. या प्रसंगातील दार आणि खिडकी या दोन्ही गोष्टी आपल्या महाविद्यालयांत तपासून पाहाव्यात. आपल्याकडील पुष्कळ वर्गांच्या दारांना बाहेरून कडी-कोयंडा असतो. आतली खिटी असलीच तर मोडलेली असते. खिडक्यांना लोखंडी गज असतात. चोर आत येऊ नये म्हणून बसविलेले हे गज आतल्या माणसालाही बाहेर पडू देत नाहीत. अमेरिकेतील सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर (२०१२) नेमलेल्या आयोगाने २०१५ च्या अहवालात वर्गाची दारे आतून बंद करता यावीत, अशी शिफारस केली. आतून लागणारी आणि आतून सहज उघडणारी कडी ही कॅमेऱ्याच्या तुलनेत नगण्य खर्चाची गोष्ट आहे. तरीही सुरक्षाविषयक खरेदीच्या याद्यांत कॅमेरा आधी येतो, कारण कॅमेरा दाखविता येतो.

यापेक्षा सूक्ष्म प्रश्न घंटेचा आहे. महाविद्यालयांत होणाऱ्या सरावात दीर्घ घंटा वाजली की सर्वांनी मैदानावर जमावे, असे शिकविले जाते. आगीसाठी ते योग्यच आहे. पुरात मात्र वर जावे लागते आणि गोळीबारात मोकळे मैदान हीच सर्वांत धोक्याची जागा ठरते. फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी गोळीबार सुरू असतानाच आगीचा भोंगा वाजला आणि विद्यार्थी वर्गांतून बाहेर पडले. त्या दिवशी १७ जण मृत्युमुखी पडले. एकच घंटा तीन परस्परविरोधी कृतींसाठी वाजविली जात असेल, तर ती इशारा न ठरता संभ्रम निर्माण करते. यास्तव ध्वनिक्षेपकावरून साध्या मराठीत ‘काय घडले, कोठे घडले, काय करावे’ एवढे सांगणारी सूचना घंटेपेक्षा अधिक उपयुक्त होय.

३. पहिली मिनिटे कोणाची? :

मुंबईवरील हल्ल्याचे विवेचन बहुधा सुरक्षा दलांच्या कामगिरीच्या अंगाने होते. महाविद्यालयीन सिद्धतेच्या दृष्टीने मात्र दोन सामान्य कर्मचाऱ्यांची कृती अधिक अभ्यसनीय आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांना प्रारंभी स्फोट झाल्याचे वाटले. गोळीबार होत असल्याचे ध्यानी येताच त्यांनी प्रवाशांना मुख्य भागाकडे न येता मागील बाजूने बाहेर पडण्यास ध्वनिक्षेपकावरून वारंवार सांगितले. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातील सुमारे २० गरोदर स्त्रियांना आतील लहान खोलीत हलविले, दारे बंद केली आणि दिवे मालविले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव कथन केला.

या दोघांनीही वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहिली नाही. उद्घोषकाच्या हाती ध्वनिक्षेपक होता, परिचारिकेला कक्षाची दारे आणि आतली खोली ठाऊक होती. अधिकार, साधन आणि जागेची माहिती एकाच माणसाच्या ठायी असल्यामुळे माणसे वाचली. याच्या उलट व्हर्जिनिया टेकमध्ये वसतिगृहातील पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमारास झाला, तर विद्यार्थ्यांना पहिला इशारा ९ वाजून २६ मिनिटांनी गेला. दरम्यान वरिष्ठ अधिकाऱ्यांचा गट काय कळवावे याचा विचार करीत होता. दुसरा हल्ला त्यानंतर काही मिनिटांतच झाला.

आपल्या महाविद्यालयांतील आपत्ती व्यवस्थापन समितीची रचना या कसोटीवर पाहिली असता विसंगती जाणवते. समितीत प्राचार्य, विभागप्रमुख व कार्यालय अधीक्षक असतात. सकाळी सातच्या तासाला, सायंकाळच्या प्रात्यक्षिकाला किंवा सुटीच्या दिवशी परिसरात असतात ते शिपाई, पहारेकरी, ग्रंथालय परिचर आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक. किल्ल्या शिपायाला ठाऊक असतात. मात्र समितीच्या यादीत त्याचे नाव नसते. तासिका तत्त्वावरील अध्यापक ६० विद्यार्थ्यांसमोर उभा असतो, पण संकटकाळी निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याला आहे किंवा नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा स्थितीत मूल्यांकनासाठी सिद्ध केलेली धारिका कितीही परिपूर्ण असली, तरी पहिली पाच मिनिटे अनाथच राहतात.

४. नृसिंहवाडीचा धडा आणि त्याची मर्यादा :

नृसिंहवाडीचे दत्त मंदिर पाण्याला भिंतीने अडवीत नाही. पावसाळ्यात नदीचे पाणी उत्तरेकडील दाराने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्याला भाविक श्रद्धेने स्नान करतात. पाणी वाढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामी मंदिरात हलविली जाते. धार्मिक आशय क्षणभर बाजूला ठेवला, तरी या प्रथेत सिद्धतेची तीन तत्त्वे आढळतात. धोक्याची खूण सर्वांना दिसते. त्या खुणेला काय करावयाचे ते आधीच ठरलेले असते. आणि स्थलांतराची जागा सर्वांच्या परिचयाची असते. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पाणी त्या रेषेला आले म्हणजे चर्चेचा काळ संपतो.

या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये अनेकांनी २००५ च्या पुराची रेषा प्रमाण मानली आणि पाणी त्यापलीकडे येणार नाही, या विश्वासाने घर सोडण्यास विलंब केला. पाणी त्या रेषेच्या वर गेले. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. तेव्हा पूर्वानुभव हे उत्तम शिक्षण असले, तरी आठवणीतील रेषा ही संकटाची शेवटची रेषा नसते. शिवाय पूर चढण्यास अवधी घेतो. गोळीबाराला तेवढाही अवधी नसतो. म्हणून नृसिंहवाडीची रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. घ्यावयाचे ते एवढेच की, निर्णय संकटाच्या आधी व्हावा आणि तो जागेवरील माणसाच्या स्वाधीन असावा.

५. दुर्लक्षित शिफारस :

आयोगाच्या याच तत्त्वांत एक शिफारस भिंतीहून मोलाची आहे. दर २५ विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक-अध्यापक असावा आणि त्याने पालक व वसतिगृहप्रमुख यांच्याशी संपर्क ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. व्हर्जिनिया टेकच्या हल्लेखोराच्या मानसिक अस्वास्थ्याच्या खुणा २००५ पासून अनेकांना दिसल्या होत्या. मात्र गोपनीयतेच्या कायद्यांचा चुकीचा अर्थ लावला गेल्यामुळे ही माहिती एकत्र आली नाही, असे चौकशी समितीस आढळले. विद्यार्थ्यावर पाळत ठेवणे आणि विद्यार्थ्याची विचारपूस करणे यांत मूलभूत अंतर आहे. जैवसांख्यिकी यंत्र विद्यार्थी आल्याची नोंद करते; तो खचलेला आहे, हे केवळ त्याला नावाने ओळखणारा अध्यापकच जाणू शकतो. रिक्त पदे आणि १०० हून अधिक विद्यार्थ्यांचे वर्ग असताना ही शिफारस कागदावर राहते. सुरक्षिततेचा प्रश्न येथे अध्यापक भरतीच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

निष्कर्ष :

१. प्रवेशद्वारांवरील नियंत्रणाइतकेच बाहेर पडण्याच्या वाटा, आतून लागणाऱ्या कड्या व उघडता येणारे गज यांना महत्त्व द्यावे.

२. आग, पूर व हल्ला यांसाठी स्वतंत्र सूचना असाव्यात आणि त्यांचा सराव बनावट गोळीबाराची भीती न घालता करावा.

३. समितीत शिपाई, पहारेकरी व तासिका तत्त्वावरील अध्यापक यांना स्थान द्यावे. धोका दिसताच सूचना देण्याचा लेखी अधिकार परिसरातील प्रत्येक कर्मचाऱ्यास असावा. सूचना चुकीची ठरल्यास त्याच्यावर कारवाई होणार नाही, हेही लेखी असावे.

४. समुपदेशक-अध्यापकाची योजना पदभरतीशी जोडावी.

यांतील तिसरा मुद्दा सर्वांत कमी खर्चाचा आणि तरीही सर्वांत अवघड आहे, कारण त्यासाठी महाविद्यालयातील अधिकाराची उतरंड क्षणभर विसरावी लागते. घंटेचा दोर प्राचार्यांच्या अनुमतीला बांधलेला असेल, तर ती अनुमती येईपर्यंत वर्गातील मुलांचे काय होईल, याचे उत्तर प्रत्येक महाविद्यालयाने पुढील पावसाळ्याची वाट न पाहता शोधावयास हवे.