प्रवाही विद्युतघटांतील बहुवारिक पटले : मूल्यमापनाच्या निकषांची चिकित्सा

प्रवाही विद्युतघटांसाठी (फ्लो बॅटरी) बहुवारिक पटले विकसित करण्याविषयीचे संशोधन गेल्या दोन दशकांत विपुल झाले आहे. त्यांतील बहुतेक शोधनिबंधांचा साचा ठरलेला असतो : नॅफिऑन महाग आहे, त्यातून व्हॅनेडियमचे आयन पलीकडे झिरपतात, आमचे पटल स्वस्त आहे आणि ही झिरप रोखते. नॅफिऑनच्या किमतीविषयी दुमत नाही. झिरपेला जे मध्यवर्ती स्थान दिले जाते ते मात्र तपासून पाहणे आवश्यक वाटते.

१९७० च्या दशकात नासाने लोह-क्रोमियम घट विकसित केला. त्यात पटलाच्या दोन बाजूंस भिन्न धातू असल्याने झिरप म्हणजे कायमचे प्रदूषण होते. १९८० च्या दशकात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस व सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंस व्हॅनेडियमच योजले. त्यामुळे पलीकडे गेलेला आयन परका ठरत नाही. दोन्ही टाक्यांतील द्रव एकत्र करून पुन्हा विभागले की त्या कारणाने घटलेली क्षमता बव्हंशी परत मिळते. झिरपेने ऊर्जा वाया जाते हे खरे, पण घट निकामी होत नाही. बहुवारिकाची साखळी तुटली तर ती जोडण्याचा असा उपाय नाही. असे असूनही पटलाच्या टिकाऊपणाची बोळवण निबंधाच्या अखेरीस एखाद्या परिच्छेदात होते.

निबंधांत दिली जाणारी विद्युतभार-कार्यक्षमताही सावधपणे वाचावी लागते. समजा, एका पटलातील झिरप दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिअँपिअर प्रवाहाइतकी आहे. घट ५० मिलिअँपिअरवर चालविल्यास कार्यक्षमता ४८ भागिले ५२, म्हणजे सुमारे ९२ टक्के येते. २०० मिलिअँपिअरवर १९८ भागिले २०२, म्हणजे ९८ टक्के. पटल तेच, आकडा वेगळा. नॅफिऑनशी तुलना करताना कोणते नॅफिऑन घेतले हेही सांगितले पाहिजे, कारण ११७ क्रमांकाचे पटल सुमारे १८३ मायक्रॉन जाड, तर २१२ क्रमांकाचे अवघे ५१ मायक्रॉन असते. जाडी न सांगता केलेली तुलना कोणाच्याही बाजूने वळविता येते.

आवर्तनांच्या संख्येचेही तसेच. प्रयोगशाळेतील लहानशा टाक्यांत एक आवर्तन तासाभरात पूर्ण होत असेल, तर १,००० आवर्तने सुमारे ४२ दिवसांत उरकतात. वीजजालातील घट दिवसाला एक आवर्तन करतो असे धरल्यास वाचकाला ही संख्या पावणेतीन वर्षांची वाटते. परंतु पंचसंयुजी व्हॅनेडियम हा तीव्र ऑक्सिडीकारक आहे आणि त्याचा हल्ला आवर्तने मोजत नाही, तास मोजतो. वीस वर्षांचे तास १,७५,००० हून अधिक होतात. सल्फोनीकृत पॉलिइथर इथर कीटोनसारख्या हायड्रोकार्बन पटलांची खरी कसोटी येथेच लागते. पिवळ्या पंचसंयुजी द्रावणात पटल बुडवून ठेवावे, द्रावण हिरवटपणाकडे झुकू लागले की काहीतरी ऑक्सिडीभूत होत आहे असे समजावे, ही साधी चाचणीही पुष्कळ सांगून जाते. मात्र ती सौम्य द्रावणात व थोड्याच दिवसांत आटोपली, तर फारसे हाती लागत नाही.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. चीनमधील दालियन येथे १०० मेगावॉट क्षमतेचा व्हॅनेडियम प्रवाही घट २०२२ मध्ये वीजजालास जोडला गेला; एवढ्या प्रकल्पात पटल बदलणे हे किरकोळ दुरुस्तीचे काम नव्हे. दुसरीकडे, जानेवारी २०२३ मध्ये डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे व स्वीडन या देशांनी फ्लोरिनयुक्त रसायनांच्या एका व्यापक वर्गावर युरोपात निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला आणि नॅफिऑनचे कूळ त्याच वर्गातले आहे. पर्याय हवा आहे यात शंका नाही. म्हणूनच तो कोणत्या कसोटीवर निवडला जातो याची चिंता वाटते.

अर्थात सर्वच घटांना हे विवेचन लागू पडत नाही. २०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील मायकेल अझीझ यांच्या गटाने क्विनोन-ब्रोमिन घट मांडला, आणि त्यानंतर सेंद्रिय रेणूंवर आधारलेल्या घटांची मोठी शाखा निर्माण झाली. दोन बाजूंस भिन्न रेणू असलेल्या अशा घटांत पलीकडे गेलेला रेणू नुसते द्रव मिसळून परत मिळत नाही. ताठ सांगाड्याच्या सूक्ष्मरंध्री बहुवारिकांची पटले या घटांसाठी पुढे आली आहेत. त्यांच्या निवडकतेला खरोखरच मोल आहे, पण ते आकडे व्हॅनेडियम घटांच्या तक्त्यात शेजारी बसवून वाचण्याजोगे नाहीत.