बाल्कनीतली वीज आणि कागदावरचा आकडा

पुस्तकाची समीक्षा आपण नेहमी ऐकतो. आज एका आकड्याची समीक्षा करू. बाल्कनीच्या कठड्याला 400 वॉटची दोन सौर पॅनेल लावली तर वर्षाला वीज किती मिळेल? विक्रेता चटकन सांगतो, ‘साधारण बाराशे युनिट.’ हा आकडा येतो कुठून, आणि त्याच्या भरवशावर पैसे घालावेत का, एवढाच आजचा विषय.

हिशेब असा असतो. आपल्याकडे 1 किलोवॉटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात. मग 800 वॉटला 3.2 युनिट, गुणिले 365, म्हणजे 1168. गुणाकारात खोट नाही. खोट आहे ती गृहीतात. हे 4 युनिट गच्चीवरच्या पॅनेलचे आहेत: दक्षिणेकडे तोंड, योग्य कल, वर मोकळं आकाश. बाल्कनीतलं पॅनेल उभं टांगलेलं असतं. गच्चीचा नियम कठड्याला लावला, चूक तिथेच झाली.

बाल्कनीतल्या सौर विजेची चळवळ खरी रुजली ती जर्मनीत. तिथे 2024 पासून 800 वॉटपर्यंतच्या इन्व्हर्टरला सोपी नोंदणी पुरते आणि भाडेकरूलाही असा संच लावण्याचा कायदेशीर आधार मिळाला आहे. बर्लिनमध्ये दक्षिणेकडे तोंड करून उभं लावलेलं पॅनेल उत्तम कलातल्या पॅनेलच्या सुमारे 70 टक्के वीज देतं. कारण तिथला सूर्य खालून चालतो; डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम 14 अंश वर असतो, जवळजवळ समोरून पॅनेलवर पडतो. म्हणून तिथे उभं पॅनेल हा शहाणपणाचा तोडगा आहे.

आता तोच तोडगा पुण्यात आणा. आपल्याला शून्य सावलीचा दिवस माहीत आहे. पुण्यात तो मेच्या मध्याला येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. या दोन दिवसांच्या मधे सूर्य दिवसभर आकाशाच्या उत्तर भागातच राहतो. म्हणजे काय? दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या पॅनेलवर त्या अडीच महिन्यांत थेट ऊन एक क्षणभरही पडत नाही! मिळतो तो फक्त आकाशातून विखुरलेला आणि जमिनीवरून परतलेला प्रकाश. एप्रिलमध्ये ऊन रणरणतं खरं, पण ते डोक्यावरून येतं, पॅनेलला घासून जातं. वर्षाची बेरीज केली तर ढोबळमानाने गच्चीच्या निम्म्याच्या आसपास येते. झाले 1168 चे सुमारे 580.

‘मग संगणकावर काढू,’ असं कुणी म्हणेल. जरूर काढा. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचं पीव्हीजीआयएस हे साधन मोफत आहे आणि भारतासाठीही चालतं. माझ्या मते ते प्रामाणिक आहे: कल विचारतं, दिशा विचारतं, महिन्यावार आकडे देतं, आणि एका वर्षापासून दुसऱ्या वर्षात किती फरक पडू शकतो तेही सांगतं. आपण मात्र वरचा एक आकडा उचलतो आणि बाकीचं सोडून देतो. ‘उत्तम कल’ या खुणेवर टिचकी मारून मोकळे होतो. पण कठडा आपल्यासाठी कल बदलत नाही. तिथे 90 अंशच भरायला हवेत.

त्या साधनाची मर्यादाही बघा. त्याला डोंगर दिसतो, शेजारची इमारत दिसत नाही. भूप्रदेशाच्या नकाशावरून ते क्षितिज ठरवतं. समोरचा सात मजली टॉवर, वरच्या मजल्याचा स्लॅब, वाळत घातलेली चादर त्या नकाशात नाही. आणि सावलीचा हिशेब सरळ नसतो. पॅनेलमधल्या पेशी एकामागून एक जोडलेल्या असतात, साधारणपणे तीन गटांत. एका पेशीवर गच्च सावली आली तरी तिचा अख्खा गट बाद होऊ शकतो. म्हणजे हातभर सावली आणि तृतीयांश वीज गायब.

यापुढचा प्रश्न कुठलाच विक्रेता काढत नाही: तयार झालेली वीज घरात वापरली किती? दुपारी माणसं कामावर. फ्रिज, राउटर, एखादा पंखा मिळून सरासरी 150 वॉट धरू. आठ तासांत 1.2 युनिट, वर्षाला जास्तीत जास्त 438. वरची वीज ग्रिडमध्ये जाते. नेट मीटर नसेल तर तिचा मोबदला नाही. काही मीटर तर उलट गेलेली वीजसुद्धा वापर म्हणूनच मोजतात. म्हणून वीज कंपनीची परवानगी घेतल्याशिवाय काही जोडू नका. शिवाय असा संच वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होतो. लोडशेडिंगवरचा उपाय म्हणून घेणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

तेव्हा बाराशेचे झाले पावणेसहाशे, आणि बिलात उतरले फार तर सव्वाचारशे-साडेचारशे. ज्याचं घर पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे, जो दिवसभर घरून काम करतो, ज्याला पॅनेल थोडं आडवं करता येतं, त्याचा आकडा वेगळा निघेल. म्हणूनच दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये.

स्वतःचा काढायला अवघड नाही. जानेवारीत आणि एप्रिलमध्ये एकेक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता कठड्यावर ऊन कुठवर येतं ते खडूने आखा. नेहमीच्या कामाच्या दिवशी अकरा ते तीन मीटर किती फिरतो ते टिपून ठेवा. खडूच्या खुणा सांगतील किती मिळेल, मीटर सांगेल किती कामी येईल. दोहोंतला जो लहान, तो आपला आकडा. विक्रेत्याच्या किमतीला त्याने भागा आणि मग ठरवा.

सौर विजेला माझा विरोध नाही. उलट, फुगवलेल्या आकड्यावर विकत घेतलेलं पॅनेल दुसऱ्या वर्षी धूळ खात पडतं आणि शेजारची चार घरंही ‘काही उपयोग नाही’ म्हणून मागे फिरतात. खरा आकडा लहान असेल, पण तो टिकतो.