सर टॉमस मोरचे मौन

रॉबर्ट बोल्ट या इंग्रज नाटककाराचे 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' हे नाटक १९६० साली लंडनच्या रंगभूमीवर आले. १९६६ साली फ्रेड झिनमन यांनी त्याचा चित्रपट केला, त्याला सहा ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि आपल्यापैकी बहुतेकांची या कलाकृतीशी ओळख झाली ती या चित्रपटामुळेच. इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर सर टॉमस मोर याने आठव्या हेन्री राजाची इच्छा डावलून एक शपथ घेण्याचे नाकारले आणि त्यापायी ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, हा नाटकाचा विषय. कॅथलिक चर्चने मोरला १९३५ साली संतपद दिले. पुढे २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी राज्यकर्त्यांचा आणि राजकारणी पुरुषांचा आश्रयदाता संत म्हणून त्याची घोषणा केली.

संत हा दरबारापासून दूर असावयाचा, अशी आपली सवयीची कल्पना आहे. तुकोबांनी शिवरायांचा नजराणा परत पाठविल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोर हा मात्र नजराणे नाकारूनही दरबारातच राहिलेला संत. तो वकील होता, लंडन शहराचा न्यायाधिकारी होता. १५२३ साली हाऊस ऑफ कॉमन्सचा सभापती असताना सभासदांना सभागृहात मोकळेपणाने बोलता यावे, अशी विनंती त्याने राजाला केली होती. १५२९ साली तो लॉर्ड चॅन्सेलर झाला. म्हणजे त्याची श्रद्धा जर कोठे कसोटीस लागावयाची असेल, तर ती मठात नव्हे, कचेरीतच लागावयाची होती. घरी देव आणि कचेरीत नियम अशी वाटणी करून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना या नाटकाकडे पुन्हा एकदा वळावेसे वाटते ते यामुळे. श्रद्धावान माणूस सार्वजनिक कामात नेमके काय वेगळे करतो? या प्रश्नाचे बोल्ट यांनी दिलेले उत्तर फार मोलाचे आहे. आणि ते उत्तर अपुरेही आहे.

कथानक थोडक्यात असे. राणी कॅथरिनपासून मुक्त होऊन ॲन बुलीनशी विवाह करण्याची हेन्रीची इच्छा होती. पोपने तिला मान्यता दिली नाही. तेव्हा इंग्लंडमधील चर्चचा प्रमुख आपणच, अशी भूमिका राजाने घेतली. १५ मे १५३२ रोजी धर्मगुरूंच्या सभेने मान तुकवली. दुसऱ्याच दिवशी मोरने राजमुद्रा परत केली. १५३४ साली वारसाहक्काचा कायदा झाला आणि त्यासोबत शपथ आली. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. राज्याचा वारस कोण असावा हे ठरविण्याचा पार्लमेंटचा अधिकार मोरला मान्य होता. तेवढीच शपथ असती तर ती त्याने घेतली असती. परंतु शपथेच्या शब्दांत पोपच्या अधिकाराचा नकारही गुंफलेला होता, आणि तेथे तो थांबला.

नाटकातील मोर नव्या कायद्याची वार्ता कानावर येताच पहिला प्रश्न विचारतो तो शब्दरचनेचा. मुलगी मार्गारेट म्हणते, शब्द कोणते का असेनात, त्यांचा हेतू आपणांस ठाऊक आहे. बाप उत्तरतो की शपथ शब्दांचीच असते; कदाचित ती घेताही येईल. धर्मासाठी प्राण देणाऱ्या पुरुषाच्या तोंडी हे वाक्य प्रथमदर्शनी शोभत नाही. हुतात्म्याने मसुदा मागवून पाहावा काय? येथेच बोल्ट यांच्या नाट्यदृष्टीची खरी पकड जाणवते. त्यांच्या मोरची धारणा अशी की देवाने पशूंना निरागसपण दिले, पण माणसाला गुंतागुंतीची बुद्धी दिली ती या बुद्धीनेच देवाची सेवा करावी म्हणून. सुटकेची वाट असेल तर ती शोधणे हे माणसाचे कर्तव्यच. सर्व वाटा बंद झाल्यावरच उभे राहून घाव झेलावयाचा. श्रद्धेने येथे बुद्धीला रजा दिलेली नाही. उलट तिला कामाला लावले आहे.

या दृष्टीने टॉमस बेकेटशी मोरची तुलना उद्बोधक ठरते. तोही इंग्लंडचा चॅन्सेलर, तोही राजाशी झालेल्या संघर्षात प्राणास मुकला. एलियट यांच्या नाटकात बेकेटपुढचा शेवटचा मोह हौतात्म्याचाच आहे. आनुईच्या नाटकातील बेकेट, ज्याला शिरवाडकरांनी मराठीत आणले, देवाच्या प्रतिष्ठेसाठी राजासमोर ताठ उभा राहतो. मोरला ना हौतात्म्याचा मोह, ना ताठ उभे राहण्याची हौस. त्याला जगावयाचे आहे, आणि त्यासाठी तो कायद्याच्या दाट रानात शिरून बसतो. या रानावर त्याचा केवढा विश्वास! त्याचा भावी जावई रोपर म्हणतो की सैतानाला पकडण्यासाठी देशातील सारे कायदे तोडावे लागले तरी आपण ते तोडू. मोर त्याला विचारतो की सारे रान तोडल्यावर सैतान उलटून तुझ्या अंगावर आला, तर तू लपशील कोठे? सैतानालाही कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे, कारण त्यातच आपली स्वतःची सुरक्षितता आहे. तरुणाच्या धर्मावेशाला एका धर्मनिष्ठाने दिलेले हे उत्तर नाटकाचा कळस आहे, असे मला वाटते.

कायद्यावरील या विश्वासातूनच मोरच्या मौनाचा जन्म होतो. तो शपथ घेत नाही. पण का घेत नाही हे पत्नीलाही सांगत नाही. न्यायालयात क्रॉमवेल म्हणतो की हे मौन म्हणजे साऱ्या जगाला ऐकू गेलेला नकार आहे. मोर शांतपणे निदर्शनास आणतो की कायद्याच्या सूत्रानुसार मौनाचा अर्थ संमती असा करावयाचा असतो. 'मौनं संमतिलक्षणम्' हे आपल्याही परिचयाचे सूत्र. मराठी वाचकाला येथे रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १७७३ साली नारायणरावांचा खून झाल्यावर रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, ही परंपरा आपल्या मनात इतकी रुजलेली आहे की मौन धरणारा न्यायाधीश आपल्याला चटकन भित्रा वाटतो. परंतु दोघांच्या जागा भिन्न आहेत. रामशास्त्री न्यायासनावर होते. तेथे बोलणे हाच त्यांचा धर्म होता. मोरने आसन आधीच सोडले होते. आता बोलणे म्हणजे केवळ मृत्यूला आमंत्रण देणे, आणि त्याच्या श्रद्धेत त्या आमंत्रणाला जागा नव्हती. एकाचा धर्म वाणीत होता, दुसऱ्याचा मौनात. दोघांनीही आपल्या जागेचा अर्थ ओळखला, हे त्यांच्यातील साम्य. शिक्षा अटळ झाल्यावर मात्र मोर बोलतो, आणि तेव्हा काहीही हातचे राखत नाही.

आता नाटकाच्या उणिवांकडे वळू. बोल्ट यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगितले आहे की ते स्वतः कॅथलिक नाहीत, रूढ अर्थाने ख्रिस्तीही नाहीत. त्यांना मोरचे आकर्षण वाटले ते 'स्व'ची अभेद्य जाणीव असलेला माणूस म्हणून. नाटकात मोर शपथेचा अर्थ सांगतो तो असा की शपथ घेताना माणूस स्वतःलाच ओंजळीतील पाण्यासारखे धरून असतो. बोटे उघडली की पुन्हा स्वतःची भेट नाही. प्रतिमा अप्रतिम आहे. पण या ओंजळीत केवळ 'मी' आहे. देव कोठे आहे? एके ठिकाणी मोर नॉरफोकला सांगतो की पोपविषयीचा सिद्धान्त खरा की खोटा यापेक्षा तो 'मी' मानतो हे महत्त्वाचे. इतिहासातील मोर असे म्हणाला असता, असे मला वाटत नाही. निकालानंतर त्याने केलेला युक्तिवाद याच्या नेमका उलट होता. एका राज्याच्या पार्लमेंटविरुद्ध आपल्या बाजूला साऱ्या ख्रिस्ती जगाच्या धर्मपरिषदा आणि शतकानुशतकांचे संत आहेत, असे तो म्हणाला. त्याची सदसद्विवेकबुद्धी ही त्याची एकट्याची मालमत्ता नव्हती. त्याच्याहून मोठ्या सत्याने ती घडविली होती, आणि त्या सत्यापुढे ती उत्तरदायी होती. बोल्ट यांनी देवाच्या जागी 'स्व' बसविला आणि नाटक आधुनिक प्रेक्षकाच्या जवळ आणले. पण कॅथलिक श्रद्धा सार्वजनिक जीवनात कशी वागते या प्रश्नाचा गाभा त्या अदलाबदलीत निसटला.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मोर चॅन्सेलर असतानाच्या काळात सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले. मोर पाखंडाचा कट्टर विरोधक होता, आणि त्याने त्याविरुद्ध ग्रंथही लिहिले. 'युटोपिया' या १५१६ सालच्या आपल्या ग्रंथात विविध धर्ममतांना मोकळीक देणारे राज्य कल्पिणारा हाच लेखक! नाटकात या प्रकरणाची सावली फक्त रोपरच्या प्रसंगात पडते: ल्यूथरच्या मतांचा आहेस तोवर मुलगी देणार नाही, एवढेच तेथे मोर म्हणतो. हिलरी मँटेल यांनी 'वुल्फ हॉल' (२००९) या कादंबरीत दुसऱ्या टोकाचा मोर उभा केला, तो या मौनाचा जणू सूडच होय. बोल्ट आपल्याला श्रद्धा दाखवितात ती सत्ता गमावलेल्या माणसाची. तिच्या हाती सत्ता असताना ती कशी वागली हे दाखवीत नाहीत. वस्तुतः खरी परीक्षा तेथेच असते. स्वतःच्या सदसद्विवेकासाठी प्राण देणारा माणूस दुसऱ्याच्या सदसद्विवेकाला चितेवर चढवू शकतो, हे नाटकात आले असते तर मोर लहान झाला नसता. शोकात्मिका मोठी झाली असती. कॅथलिक चर्चलाही या बाबतीत दीर्घ वाटचाल करावी लागली: धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, असा जाहीरनामा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली काढला. आपल्या संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्वांना सारखेच दिले आहे. रोपरला सांगितलेला कायद्याच्या रानाचा दृष्टान्त त्या सहा जणांनाही लागू होता, हे मोरला उमगले नाही. आपल्याला उमगावयास हवे.

या उणिवा असूनही नाटक थोर ठरते ते एका पात्रामुळे, आणि चित्रपटाने नेमके तेच पात्र वगळले आहे. 'सामान्य माणूस' असेच त्याचे नाव. एकच नट क्रमाने मोरचा कारभारी, नावाडी, दारूच्या गुत्त्याचा मालक, तुरुंगाधिकारी, ज्यूरीचा प्रमुख आणि शेवटी शिरच्छेद करणारा जल्लाद होतो. तो दुष्ट नाही. कारभारी असताना जे साऱ्या गावाला ठाऊक तेच दोन पैसे घेऊन सांगतो. ज्यूरीचे इतर सभासद म्हणजे खांबांवर अडकविलेल्या टोप्या. त्यांच्यात त्याचीही टोपी. तुरुंगात मोरच्या कुटुंबाची शेवटची भेट संपवताना तो विनवितो की आपण साधा माणूस, आपल्याला भानगड नको. आणि एरवी अढळ असणारा मोर तेथे कळवळून ओरडतो. राजाच्या संतापापेक्षा या साधेपणाने त्याला अधिक घायाळ केले. रिचर्ड रिच खोटी साक्ष देऊन वर चढतो आणि पुढे अंथरुणात मरण पावतो, हेही हाच सामान्य माणूस आपल्याला थंडपणे वाचून दाखवितो.

बोल्ट यांच्या आयुष्यातील एक घटना येथे सांगितली पाहिजे. अण्वस्त्रविरोधी चळवळीत भाग घेतल्यामुळे १९६१ साली त्यांना तुरुंगवास झाला, कारण चांगल्या वर्तनाचे हमीपत्र लिहून देण्यास त्यांनी नकार दिला होता. तेव्हा ते 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची पटकथा लिहीत होते. चित्रपटाचे काम अडू लागले; निर्मात्याने तुरुंगात येऊन त्यांचे मन वळविले आणि त्यांनी सही केली. याची खंत त्यांना पुढे वाटत राहिली. मोर निर्माण करणारा लेखकही सही करून बाहेर आला, हे वाचून मला त्यांच्याविषयी आदरच वाटला. मोर किती दुर्मिळ आहे हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. नोकरीत रुजू होताना संविधानाशी निष्ठेची शपथ त्यानेही घेतली. नमुन्यात ईश्वराचे नाव घेण्याची किंवा केवळ प्रतिज्ञा करण्याची मुभा आहे हे त्याने सही केल्यानंतर वाचले. पुढे एका विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात, वरिष्ठांचे टिपण नियमात बसते पण न्यायात बसत नाही असे वाटत असूनही, त्याखाली त्याने आद्याक्षरे केली. वेगळे मत नोंदविण्यास नियमांची काहीही आडकाठी नव्हती. भानगड नको, एवढेच कारण होते. चित्रपट पाहताना मी मोरच्या बाजूने होतो. नाटक वाचताना खांबावरच्या टोप्यांत माझी टोपी मला ओळखू आली.

म्हणून बदलीच्या गावी राहणाऱ्या माझ्या वाचकबंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की चित्रपट पाहिला असला तरी मूळ नाटक अवश्य वाचावे. मोरची कॅथलिक श्रद्धा आपली नसेल; त्याचे हौतात्म्य आपल्या वाट्यास येण्याचा संभवही नाही. परंतु कागद समोर आला असता त्यातील शब्द काय आहेत असे विचारणे, कायद्याने दिलेली प्रत्येक वाट शोधणे, आणि ती संपली की सही न करणे, इतका भाग तरी कोणत्याही कचेरीत आचरता येण्याजोगा आहे. विधवेचे ते प्रकरण आता निकालात निघाले आहे. पुढचा कागद मात्र मी सहीपूर्वी वाचणार आहे.