संगणकाने वाढलेले ताट : आहार-शिफारस प्रणालींची एक चिकित्सा

गेल्या काही वर्षांत आपल्या महाविद्यालयांच्या संगणक विभागांत एक प्रकल्प-विषय वारंवार पुढे येताना दिसतो. विद्यार्थी वय, उंची, वजन, लिंग आणि दैनंदिन श्रम अशी चार-पाच माहिती भरून घेतात आणि संगणक त्या व्यक्तीला दिवसभरात काय खावे याची यादी देतो. शीर्षकात ‘वैयक्तिक आहार शिफारस’ हे शब्द हटकून असतात. प्रस्तुत लेखकाने असे अनेक प्रकल्प परीक्षक म्हणून तपासले आहेत व काहींना मार्गदर्शनही केले आहे. त्यामुळे पुढील टीकेतील काही भाग स्वतःवरचीच टीका आहे, हे आरंभीच नमूद करणे योग्य ठरेल.

या विषयाचा इतिहास आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी 1945 मध्ये एक प्रश्न मांडला : 77 खाद्यपदार्थांतून नऊ पोषकद्रव्यांची गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार कोणता? त्यांचे उत्तर 1939 च्या भावांनुसार वर्षाला 39.93 डॉलर असे आले. 1947 मध्ये हेच गणित नव्या लिनिअर प्रोग्रॅमिंग पद्धतीने सोडवले गेले. नऊ कारकुनांना हातयंत्रांवर मिळून 120 मनुष्यदिवस लागले आणि उत्तर आले 39.69 डॉलर. म्हणजे स्टिग्लर यांचा अंदाज केवळ 24 सेंटने चुकला होता.

ही पद्धत शोधणारे जॉर्ज डँट्झिग यांनी पुढे 1950 च्या दशकाच्या आरंभी तिचा प्रयोग स्वतःवर केला. डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करण्यास सांगितले होते. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून त्यांनी अन्नाच्या वजनातून पाण्याचे वजन वजा करून उरणारा आकडा जास्तीत जास्त ठेवण्याची अट घातली. संगणकाने त्यांना दिवसाला 500 गॅलन व्हिनेगर घ्यायला सांगितले! तक्त्यात व्हिनेगरमधील पाणी शून्य धरले गेले होते. व्हिनेगर काढून टाकल्यावर यंत्राने 200 सूपच्या वड्या सुचवल्या, त्यावर मर्यादा घातल्यावर कोंड्याकडे वळले. शेवटी आहाराचा कारभार त्यांच्या पत्नीने हाती घेतला. डँट्झिग यांनी हा किस्सा 1990 मध्ये स्वतःच लिहून ठेवला आहे. त्यांचे गणित निर्दोष होते, चूक तक्त्यात होती आणि तक्ता ज्या हेतूने वापरला त्या हेतूत होती. सत्तर वर्षांनंतर आपल्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प नेमके याच ठिकाणी अडखळतात. फरक इतकाच की 500 गॅलन व्हिनेगर पाहून कोणीही हसतो, तर ‘ओट्स 60 ग्रॅम’ पाहून कोणी हसत नाही.

प्रथम तक्त्यांविषयी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 1971 मध्ये गोपालन, रामशास्त्री व बालसुब्रमण्यन यांचा भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे 2017 मध्ये त्याच संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून 528 पदार्थांचे नवे तक्ते काढले. हे काम मोठ्या तोलाचे आहे. तथापि हे तक्ते प्रामुख्याने कच्च्या मालाचे आहेत. ज्वारी आहे, भाकरी नाही. शेंगदाणा आहे, शेंगाचटणी नाही. दाजीबानपेठेत संध्याकाळी फेरफटका मारावा, तेथून जवळच दुर्गद बैलाकडे वळावे. गिरमिट, मिरची भजी, भरल्या वांग्याची एण्णेगायी, सावजी खानावळीतला मटणाचा तिखट रस्सा, यांपैकी काहीही विद्यार्थ्याच्या संगणकात नसते. मग तो काय करतो? तो इंटरनेटवरील तयार परदेशी माहितीसंच उतरवून घेतो. परिणामी हुबळीच्या माणसाला ब्रोकोली आणि टर्की पक्ष्याचे मांस सुचवले जाते.

येथे एक उदाहरण विस्ताराने देतो, कारण ते प्रस्तुत लेखकाच्याच मार्गदर्शनाखाली घडले. एका गटाने भारतीय धान्यांसाठी 2017 चा तक्ता आणि इतर पदार्थांसाठी अमेरिकन तक्ता, असे दोन्ही एकत्र केले. आपल्या तक्त्यात ज्वारीपुढे ऊर्जेचा आकडा 1398 असा आहे. तो दर 100 ग्रॅमला किलोज्यूलमध्ये आहे आणि किलोकॅलरीत तो सुमारे 334 होतो. अमेरिकन तक्त्यात ओट्सपुढे 389 किलोकॅलरी होते. विद्यार्थ्यांनी एकक न पाहता दोन्ही आकडे एकाच स्तंभात घातले. संगणकाच्या दृष्टीने 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी जवळजवळ 700 कॅलरींची झाली. वजन कमी करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या यादीतून ज्वारी हद्दपार झाली व तिच्या जागी ओट्स आले. वस्तुतः वजनास वजन धरल्यास ज्वारीची ऊर्जा ओट्सपेक्षा कमीच आहे. अहवालाच्या निष्कर्षात ‘पारंपरिक धान्ये अतिऊर्जायुक्त असल्याचे आढळले’ असे वाक्यही लिहिले गेले. ते वाक्य वाचून मी सही केली होती. चूक पुढच्या वर्षीच्या गटाने दाखवली.

आता अचूकतेच्या टक्केवारीविषयी. या बाबतीत आपण शिक्षकांनी अधिक कठोर व्हावयास हवे. बहुतेक अहवालांत ‘रँडम फॉरेस्ट’ किंवा तत्सम पद्धतीने नव्वद टक्क्यांच्या वर अचूकता मिळाल्याचे अभिमानाने नोंदवलेले असते. ही अचूकता कशाशी ताडून काढली, असा प्रश्न विचारावा. माहितीसंचातील प्रत्येक व्यक्तीपुढे ‘वजन घटवा’, ‘वजन वाढवा’ किंवा ‘आहे तसे ठेवा’ असा शिक्का असतो आणि तो शिक्का उंची-वजनाच्या सूत्रावरून, म्हणजे बॉडी मास इंडेक्सवरून, आधीच मारलेला असतो. नंतर तीच उंची आणि तेच वजन देऊन संगणकाला तो शिक्का ओळखायला सांगितला जातो. म्हणजे उत्तरपत्रिका आपणच लिहायची, आपणच तपासायची आणि गुण पाहून आश्चर्यचकित व्हायचे. शिफारस पाळून कोणाची साखर उतरली, कोणाचे हिमोग्लोबिन वाढले, याच्याशी त्या नव्वद टक्क्यांचा काडीचाही संबंध नसतो. चार ओळींच्या ‘जर-तर’ने जे काम झाले असते त्यासाठी वर्षभर खर्ची पडलेले असते.

बरे, ते सूत्र तरी आपल्याला लागू आहे काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3 असा सारखाच होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून स्थूल असू शकतो, हे याहून सोप्या रीतीने क्वचितच कोणी दाखवले असेल. 2009 च्या भारतीय तज्ज्ञांच्या एकमतानुसार आपल्याकडे 23 पासून अतिरिक्त वजन व 25 पासून स्थूलता धरली जाते. पण मी पाहिलेल्या बहुतेक आज्ञावलींत 25 आणि 30 हेच पाश्चात्त्य आकडे होते. त्या चोवीसच्या माणसाला ‘आपण निरोगी आहात’ असा हिरवा शेरा देतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, हे ध्यानात घेतले तर तो हिरवा शेरा किती महाग पडू शकतो हे वेगळे सांगावयास नको.

दाजीबानपेठेतील आमच्या ओळखीच्या एका काकूंचा अनुभव येथे सांगणे भाग आहे. एका प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी हौसेने त्यांची माहिती भरून घेतली व छापील कागद हाती दिला. मधुमेहाचा रकाना होता, त्यात खूण झाली. मूत्रपिंडाचा रकाना नव्हता आणि काकूंच्या मूत्रपिंडाचे काम मंदावलेले होते. कागदावर रोज केळे, शहाळ्याचे पाणी आणि दोन वेळा डाळ होती. केळ्यात दर 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते, शहाळ्यातही ते भरपूर असते. मूत्रपिंड दुबळे असलेल्या व्यक्तीच्या रक्तात ते साचले तर हृदयाची लय बिघडू शकते. काकूंनी मला घरी बोलावून विचारले, “सर, कॉम्प्युटरचं ऐकायचं का डॉक्टरांचं? डॉक्टर केळं नको म्हणतात, हा द्या म्हणतो.” त्यांनी विचारले म्हणून निभावले. न विचारणारे किती असतील, याचा हिशोब कोणत्याही अहवालात नसतो.

विद्यार्थ्यांचा दोष येथे फार नाही. ‘जे विचारले नाही ते नाहीच’ असे गृहीत धरण्याचा दोष आज्ञावलीच्या मांडणीत आहे. तोच दोष वेळेच्या रकान्यांतही दिसतो. नाश्ता, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण या तीन खणांत रमजानचा महिना बसत नाही. सहरी आणि इफ्तार यांमधील दीर्घ उपाशी काळ, त्यात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणे, ही खरी काळजीची बाब आहे. 13 देशांतील 12,243 मधुमेही मुस्लिमांच्या पाहणीत, जी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे सुमारे 79 टक्के रुग्ण महिन्यात किमान 15 दिवस रोजे ठेवत असल्याचे आढळले. एकादशी आणि नवरात्रीची स्थितीही निराळी नाही. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, पण त्या दिवशी रकाने रिकामे पाहून आज्ञावली ‘उत्तम संयम’ म्हणून शाबासकी देते.

पैशांचा विचार तर कोठेच नसतो. स्टिग्लर यांचा मूळ प्रश्नच किमतीचा होता, तो आपण वाटेत कोठे सांडला कोण जाणे. 2013 पासून आपल्या राज्यातील ‘अन्नभाग्य’ योजनेत गरीब कुटुंबाच्या घरी मुख्यतः तांदूळ येत आला आहे. त्या घराला क्विनोआ सुचवणाऱ्या प्रणालीला ‘वैयक्तिक’ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय.

एवढे सर्व म्हटल्यावर दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2015 मध्ये 800 व्यक्तींची रक्तशर्करा आठवडाभर सतत मोजून दाखवले की एकाच पदार्थाने दोन व्यक्तींची साखर वेगवेगळी वाढते आणि संगणक तिचा बऱ्यापैकी अंदाज बांधू शकतो. हे संशोधन गंभीर आहे. त्याला उत्तरही आले. तेच जेवण काही दिवसांच्या अंतराने पुन्हा दिले तर एकाच व्यक्तीचा प्रतिसादही बराच बदलतो, असे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिसून आले. युरोपातील सात देशांत झालेला ‘फूड फॉर मी’ हा प्रयोग मला याहून बोधप्रद वाटतो. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सर्वसामान्य सल्ल्यापेक्षा व्यक्तिगत सल्ल्याने सहा महिन्यांत लोकांचे खाणे अधिक सुधारले. मात्र त्या सल्ल्यात रक्ततपासणी व जनुकीय माहितीची भर घातल्याने जास्तीचा लाभ काही झाला नाही. माणूस आज प्रत्यक्षात काय खातो हे नीट विचारून घेतले, त्याचाच उपयोग झाला.

म्हणून या वर्षी मी प्रकल्पाचा पहिला महिना संगणकाला हात लावू दिला नाही. दोन विद्यार्थिनी स्वयंपाकघरातला छोटा काटा घेऊन दाजीबानपेठेतील ओळखीच्या घरी गेल्या आणि भाकरीच्या एका उंड्याला किती पीठ घेतात ते तोलून आल्या. एका घरचा उंडा दुसऱ्या घरच्या जवळजवळ दुप्पट निघाला. ‘एक भाकरी’ हे मापच मग त्यांनी आज्ञावलीतून काढून टाकले आणि घरनिहाय वजनाचा रकाना घातला. मूत्रपिंड, गरोदरपण, चालू औषधे व उपवास यांचे प्रश्न आरंभी आले. त्यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले तर संगणक यादी न देता डॉक्टरांकडे जाण्यास सांगतो. आज्ञावली पुष्कळदा गप्प राहू लागली. अहवाल देताना त्यांतील एकीने विचारले, “सर, ॲक्युरसीचा तक्ता यात नाहीये, मार्क कापतील का?” मी तिला अहवालात त्या जागी तोललेल्या उंड्यांचा तक्ता लावायला सांगितले.