शहराचीं वर्तुळें

शहर कसें वाढतें, हा प्रश्न वरवर पाहतां नकाशे काढणारांचा वाटतो. परंतु कोणीं कोठें राहावें, याचा निवाडा त्याच्या उत्तरांत दडलेला असतो. म्हणूनच अर्नेस्ट बर्जेस यांच्या नगरवृद्धीवरील निबंधाचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें. पार्क, बर्जेस व मॅकेंझी यांच्या ‘दि सिटी’ या १९२५ सालच्या ग्रंथांतील हा निबंध आकारानें लहान आहे. तथापि नगरभूगोलाचा अभ्यास आजही बहुधा त्याच्यापासूनच आरंभिला जातो.

बर्जेस यांनीं शिकागो शहर डोळ्यांपुढें ठेवून एकांत एक अशीं पांच वर्तुळें कल्पिलीं. मध्यभागीं पेढ्या, कचेऱ्या व मोठीं दुकानें. त्यांच्याभोंवतीं पडक्या घरांचा संक्रमणाचा पट्टा, जेथें नवागत परदेशी प्रथम उतरतात. मग कामगारांचीं घरें. मग सुखवस्तु कुटुंबांची वस्ती. आणि सर्वांत बाहेर, रोज ये-जा करणारांचीं उपनगरें. शहर वाढूं लागलें म्हणजे आंतलें वर्तुळ बाहेरच्यावर सरकतें. जुने रहिवासी जातात, नवे येतात. या क्रियेस त्यांनीं ‘आक्रमण’ व ‘अनुक्रम’ हे वनस्पतिशास्त्रांतील शब्द योजिले.

या कल्पनेचा मोठा गुण असा कीं, शहर हें स्थिर चित्र नसून चालती क्रिया आहे, हें तिनें दाखविलें. १८४० सालीं पांच हजारांहून कमी वस्तीचें शिकागो १८९० सालीं दहा लाखांच्या वर गेलें होतें. अशा शहरास स्थिर वर्णन पुरणार कसें? शिवाय ग्रंथकर्त्यास आपल्या आकृतीच्या मर्यादा ठाऊक होत्या. कोणतेंही शहर तिच्यांत तंतोतंत बसत नाहीं, सरोवराचा किनारा, नदी व लोहमार्ग यांमुळें खुद्द शिकागोंतही गुंतागुंत होते, हें त्यांनींच नमूद केलें आहे. पुढें १९३९ सालीं होमर हॉइट यांनीं वर्तुळांच्या जागीं रहदारीच्या मार्गांनीं पसरणाऱ्या पाचरी सुचविल्या. १९४५ सालीं हॅरिस व उलमन यांनीं शहरास अनेक केंद्रें असूं शकतात, असें प्रतिपादिलें.

परंतु आमचा मुख्य आक्षेप आकृतीवर नाहीं, उपमेवर आहे. वनांत एक झुडूप दुसऱ्याची जागा घेतें, तेव्हां कोणी दस्तऐवज करीत नाहीं. शिकागोंत मात्र कृष्णवर्णीयांस घर विकूं वा भाड्यानें देऊं नये, अशा अटी मालक करारानें घालून ठेवीत; न्यायालयांनीं त्या अंमलांत आणूं नयेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. ज्या वस्तीच्या सीमा लेखणीनें आंखल्या, तिला निसर्गक्रम म्हणणें म्हणजे आंखणाराचें नांव पुसून टाकणें होय.

मुंबईकडे पाहिलें म्हणजे हें अधिकच पटतें. येथील श्रीमंतांनीं दूरचें उपनगर न गांठतां कोटापासून जवळचीच मलबार टेकडी धरिली. गिरणीकामगार परळ-लालबागच्या चाळींत राहिले, कारण भोंग्याच्या वेळेस पायीं पोंचावयाचें होतें. इतकें भूमि व मजुरी यांनीं ठरविलें असें म्हणतां येईल. पण १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ सालीं स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें दाट वस्त्यांतून रस्ते काढिले व दादर-माटुंग्यास आंखीव वसाहती वसविल्या, तो ठरवून केलेला उद्योग होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न निघाला, तेव्हां त्यांचा वांटा मोकळीं मैदानें, सार्वजनिक घरें व मालक यांत कसा करावा, हें १९९१ सालच्या नियमांनीं ठरविलें. २००१ सालच्या दुरुस्तीनें त्यांतील लोकांचा वांटा पुष्कळच घटला. चाळींच्या शेजारीं आज मनोरे दिसतात. त्यांस ‘अनुक्रम’ हा शब्द लावतां येईलही. पण एका दुरुस्तीनें कोणाचें काय गेलें, हें त्या शब्दांत मावत नाहीं.

बर्जेस यांचा निबंध जिज्ञासूंनीं अवश्य वाचावा. शहराकडे पाहण्याची दृष्टि त्यांतून लाभते, व प्रत्येक वस्तीविषयीं ‘येथें पूर्वीं कोण होतें?’ असें विचारण्याची संवय लागते. त्यास ‘तें कोणाच्या निर्णयानें गेलें?’ हा दुसरा प्रश्न मात्र वाचकांनीं आपल्या पदरचा जोडावा. पहिल्या प्रश्नानें भूगोल समजतो. दुसऱ्याखेरीज नागरिकत्व समजत नाहीं.