समोधान गाळलेली कथा

जातककथेची रचना पालीच्या अभ्यासकांना परिचित आहे. वर्तमानातील प्रसंग म्हणजे पच्चुप्पन्नवत्थु. त्याच्या निमित्ताने तथागतांनी सांगितलेली पूर्वकथा म्हणजे अतीतवत्थु. आणि त्या वेळचा अमुक तो आजचा अमुक, असा दोन्ही कथांतील पात्रांचा मेळ घालणारे ते समोधान. संस्कृत अवदानांची घडणही पुष्कळदा अशीच असते. कथा सुलभ करून सांगणारे किंवा तिचे नाटक करणारे लेखक यांतील काही भाग अनावश्यक समजून गाळतात. असे गाळल्याने कथेचा अर्थच कसा पालटतो, हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'चंडालिका' (१९३३) या नाटकावरून दिसून येते.

नाटकाचे मूळ 'दिव्यावदान' या संग्रहातील शार्दूलकर्णावदानात आहे. रवींद्रनाथांनी ते राजेंद्रलाल मित्र यांच्या १८८२ च्या इंग्रजी ग्रंथातील सारांशावरून घेतले. श्रावस्तीत आयुष्मान आनंद मातंगकन्या प्रकृतीजवळ पाणी मागतात. ती आपली जात सांगते. आपण जात विचारली नाही, पाणी मागितले, असे ते उत्तरतात. ती त्यांच्यावर अनुरक्त होते आणि तिची आई मंत्रबळाने त्यांना खेचून आणते. थोड्याफार फरकाने येथवर अवदान आणि नाटक बरोबर चालतात.

रवींद्रनाथांचे श्रेय निःसंशय मोठे आहे. अवदानातील प्रकृती फारसे बोलत नाही. नाटकातील प्रकृतीला वाणी लाभली आहे. ओंजळभर पाण्याच्या निमित्ताने आपण माणूस आहोत हे तिला उमगते आणि तो आपला नवा जन्म आहे, असे ती मानते. परंतु पुढे संघर्ष तिच्या अंतःकरणातच राहतो. अभिलाषा, पश्चात्ताप, आईचा मृत्यू आणि क्षमायाचना यांत नाटक संपते. तिला अस्पृश्य ठरविणारा समाज रंगमंचावर उत्तर द्यायला उभाच राहत नाही.

अवदानात मात्र खरा प्रश्न याच ठिकाणी सुरू होतो. प्रकृती प्रव्रजित होते. त्याबरोबर श्रावस्तीचे ब्राह्मण व गृहपती अस्वस्थ होतात: चंडालकन्या भिक्षुणी म्हणून आमच्या घरांत कशी येणार? राजा प्रसेनजितही त्यांच्यासह येतो. तिच्या अंतःकरणातील परिवर्तनाने जातीचा प्रश्न सुटत नाही, हे अवदानकाराने ओळखले होते. तथागत मग पूर्वकथा सांगतात. मातंगराज त्रिशंकू आपला पुत्र शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाची कन्या मागतो. ब्राह्मण संतापतो. त्रिशंकू शाप देत नाही, चमत्कारही करीत नाही. तो युक्तिवाद करतो. ब्राह्मणही इतरांप्रमाणे मातेच्या उदरातूनच जन्मतो. पशुपक्ष्यांत वा वृक्षांत दिसतो तसा जन्मजात भेद मनुष्यांत दिसत नाही. हाच विचार सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात आढळतो. अखेरीस पुष्करसारी कन्या देतो.

समोधान तर अधिकच धीट आहे. मातंगराज त्रिशंकू म्हणजे स्वतः तथागत, शार्दूलकर्ण म्हणजे आनंद, पुष्करसारी म्हणजे शारिपुत्र. आणि ती ब्राह्मणकन्या म्हणजेच आजची प्रकृती. ज्यांना पुनर्जन्म मान्य नाही, त्यांनाही या योजनेचा अर्थ कळण्यास अडचण नाही. कुलाचा अभिमान धरावा असे स्थिर स्थानच ती शिल्लक ठेवीत नाही.

अवदानात दोष नाहीत असे नाही. त्रिशंकूच्या तोंडी घातलेले नक्षत्रविद्येचे दीर्घ प्रकरण कथेचा गळा दाबते. प्रकृतीच्या प्रेमाला पूर्वजन्मीच्या विवाहाचे कारण जोडल्याने तिचे स्वतःचे मनही झाकोळते. असे असले तरी मूळ पाहण्यास आज सबब उरलेली नाही. या अवदानाची सुजितकुमार मुखोपाध्याय यांची आवृत्ती १९५४ मध्ये रवींद्रनाथांच्याच विश्वभारतीने काढली, आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'दिव्यावदान' १९५९ मध्ये दरभंग्याहून प्रसिद्ध झाले.

तरीही रंगमंचावर दिसते ती पाणी देणारी प्रकृती. भिक्षापात्र घेऊन श्रावस्तीच्या ब्राह्मणवाड्यांच्या दारात उभी राहणारी भिक्षुणी प्रकृती अजून रंगमंचावर यावयाची आहे. ज्या नाटककाराला ती आणावीशी वाटेल, त्याने पूर्वकथेपासून आरंभ करावा.