'कोसला' आणि वडिलांचा हिशोब

भोर-वेल्ह्याकडील खेड्यांतून आमचे जाणे-येणे असते. गेल्या जूनमध्ये वेल्ह्याकडच्या एका घरातला मुलगा पुण्यास वसतिगृहात राहावयास निघाला होता. त्याच्या ट्रंकेत 'कोसला' होती. वडिलांनी विचारले, "फादर, काय हाय ह्यात?" आम्हांस चटकन सांगता येईना, म्हणून ती पुन्हा वाचली.

भालचंद्र नेमाडे ह्यांची ही कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. लेखक तेव्हा पंचविशीत होते. आता तिचा गाजावाजा एवढा झाला आहे की, वाचण्यापूर्वीच मान तुकवावी लागते. खानदेशातून पुण्यास शिकावयास आलेल्या पांडुरंग सांगवीकरचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' तेवढे उचलून कैक तरुण लेखक मोकळे झाले.

कॉलेजातील काळी गुपिते म्हटली की पाश्चात्य वाचकास डोना टार्ट ह्यांची 'द सीक्रेट हिस्टरी' (१९९२) आठवते. तीत विद्यार्थी आपल्याच सोबत्याचा खून करतात. 'कोसला'त असे काही नाही. वसतिगृहातील खाणावळीचा कारभार अंगाशी येतो, पैसे उडतात, परीक्षा बुडतात. मात्र हे घरी सांगता येत नाही, हेच येथले गुपित, आणि आमच्या मते ते खुनाहून खरे आहे. टार्टबाईंचा निवेदकही बापाचा पेट्रोलपंप लपवून श्रीमंतीच्या थापा मारतोच.

पांडुरंग वाचकापाशी सारे कबूल करतो, पण टवाळीच्या आडून. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तेथे मात्र टवाळी गळून पडते. ती पाने वाचताना आम्हांस पुस्तक मिटून ठेवावे लागले. ह्या पानांसाठी कादंबरी थोर आहे. बंडखोरीचे कौतुक करणाऱ्यांनी ती पुन्हा वाचावीत.

आमची एक तक्रार उरते. वडील येथे केवळ मुलाच्या रागातून दिसतात. पीक विकून मनिऑर्डर करणाऱ्या माणसाचे म्हणणे कोठेच सविस्तर येत नाही. निवेदनच मुलाचे, हे खरे. तरीही एवढ्या चाणाक्ष मुलास ते एकदाही ऐकू येऊ नये?

दिवाळीत त्या घरी पुन्हा गेलो. मुलगा सुटीवर आला होता. वडिलांस आम्ही म्हणालो, "मनीचं तेवढं त्याच्याकडून वाचून घ्या." मुलगा खाली पाहत बसला. वडिलांनी कंदील पुढे सरकवला.